खोकाभर विटांचा हिशेब

जत्रेचा आणि धयकाल्याचा खर्च वजा जाता आमच्या वाडीच्या मंडळाकडे यंदा तीन हजार रुपये शिल्लक राहिले. शिल्लक राहणे हीच मुळात नवलाची गोष्ट. त्यामुळे ती कशी खर्चावी याची सवय कोणालाच नव्हती. वाडीत एका पडवीत छोटेसे वाचनालय चालते. तिथे मुलांचा एक कोपरा करावा, इथपर्यंत सर्वांचे एकमत झाले. त्या कोपऱ्यात काय ठेवावे, यावर मात्र तीन बैठका झाल्या.

आणि तिसऱ्या बैठकीत तो खोका आला.

महिला बचत गटाची सचिव असलेली मुलगी (मुलगी म्हणतो खरा, पण आता तिलाच दोन मुले आहेत) शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेली होती. तिथे जुने सामान विकणाऱ्या एकाकडे तिला हा खोका दिसला. परदेशी निघालेल्या कुठल्याशा कुटुंबाने घर रिकामे करताना विकून टाकलेला. आत प्लॅस्टिकच्या खेळातल्या विटा. एकीच्या डोक्यावरच्या गुंड्या दुसरीच्या पोटात बसतात, त्या. सगळ्या मिसळलेल्या. चित्र नाही, कागद नाही, कशापासून काय करायचे याचा पत्ता नाही. किंमत बावीसशे रुपये. विक्रेता ओळखीचा निघाला, म्हणून आठ दिवसांच्या बोलीवर तो खोका तिने एस.टी.त घालून शिरोड्याला आणला होता. आठ दिवसांनी पैसे तरी द्यायचे, नाहीतर खोका परत.

"गुरुजी, ह्यो खोको घेवचो काय नको, ता तुमी सांगा," ती म्हणाली.

मी पस्तीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो, म्हणून हा मान. परंतु पोस्टातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही ताडकन म्हणाले, "बावीसशे रुपयांत पुस्तकांचे एक अख्खे कपाट भरेल!" त्यांचे म्हणणे चूक नव्हते. वि. स. खांडेकर ज्या गावात १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते, त्या गावात पुस्तकांच्या विरोधात तोंड उघडणे सोपे नाही. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

पहिले काम वजनाचे. मासळीच्या काट्यावर खोका ठेवला. पुठ्ठा वजा करता दोन किलो दीडशे ग्रॅम भरला. मग मी आणि माझी नात ओटीवर चादर पसरून बसलो आणि दोन दुपारी मोजत राहिलो. एकूण नग १४१२. बावीसशे भागिले चौदाशे बारा, म्हणजे नगाला रुपया छप्पन्न पैसे. स्वस्तच म्हणायचे!

पण नगावर किंमत काढणे ही फसवणूक आहे, हे दुसऱ्या दुपारी लक्षात आले. नखाएवढा तुकडाही एक नग आणि आठ गुंड्यांची भरदार वीटही एक नगच. म्हणून ढीग वेगळे केले. चार, सहा आणि आठ गुंड्यांच्या खऱ्या विटा ३१८. पातळ पट्ट्या नि फळ्या ४०७. एक-दोन गुंड्यांचे बारीक तुकडे ३८९. विमानाचे पंख, माणसांचे हातपाय, कुठल्याशा अंतराळयानाची शेपटी असले एकाच कामाचे नग १८६, त्यातच चौदा चाके. उरले ११२, ते फुटके किंवा कशातच न बसणारे. ज्यांच्यावर खेळ खरोखर उभा राहतो ते पहिले दोन ढीग. त्यांची बेरीज ७२५. त्या हिशेबाने नग तीन रुपयांना पडला. शेपटी एकदाच शेपटी होते. साधी वीट मात्र आज भिंत, उद्या होडी, परवा बैल होते.

या साध्या विटेचे गणितही ऐकण्यासारखे आहे. एकाच रंगाच्या आठ गुंड्यांच्या दोन विटा घेतल्या, तर त्या २४ तऱ्हांनी जोडता येतात. तीन घेतल्या तर १०६०. आणि सहा घेतल्या तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हा होतात! डेन्मार्कमधल्या गणितज्ञांनी हा आकडा संगणकावर मोजून काढला. आमच्या खोक्यात अशा आठगुंडी विटा ९६ निघाल्या. पुढचे गणित मी सोडून दिले.

डेन्मार्क हे नाव आले ते उगाच नाही. या विटांचे माहेरच ते. बिलुंड नावाच्या खेड्यात ओले किर्क क्रिस्टियान्सन नावाचा एक सुतार होता. मंदीत घरबांधणीची कामे मिळेनात, म्हणून १९३२ मध्ये त्याने लाकडी खेळणी करायला घेतली. पुढे 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याने 'लेगो' हे नाव घेतले. प्लॅस्टिकची वीट त्याने १९४९ मध्ये काढली; तीही मूळ त्याची नव्हे, इंग्लंडमधल्या हिलरी फिशर पेज या खेळणीकाराच्या विटेवरून सुचलेली. त्या विटा आतून पोकळ होत्या. रचल्या की राहत, हलवल्या की सुटत. विटेच्या पोटात नळ्या बसवल्या तर वरच्या गुंड्या त्यांत घट्ट धरल्या जातात ही युक्ती सापडली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला. पुढे पेटंटची मुदत संपली आणि कोणालाही तशी वीट करण्याची मोकळीक मिळाली. म्हणूनच आमच्या खोक्यात चार-पाच कारखान्यांच्या विटा एकत्र नांदत होत्या. काही गुण्यागोविंदाने, काही नाइलाजाने.

चांगली वीट आणि वाईट वीट ओळखायची कशी? नातीने माझ्याआधी ओळखली. चांगली वीट फरशीवर टाकली की टणत्कार करते, वाईट वीट थप्प करते. चांगलीच्या कडा धारदार असतात आणि जोडताना बारीक 'टक्' ऐकू येते. वाईट वीट नखाने दाबली की पांढुरकी पडते. तिची पकड एकतर इतकी घट्ट की सोडवताना पोर दात लावते, नाहीतर इतकी सैल की भिंत उचलली की हातात वरचा थरच येतो. पोर खेळ सोडून उठते ते बहुधा या सैल विटांपायी, कंटाळ्याने नव्हे.

दातावरून आठवले. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले. आमचा खोका जुना, वापरलेला. त्यावर कसले आले चिन्ह! तेव्हा निदान एक परीक्षा घरीच घेतली. सुरक्षिततेच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर रुंदीचे एक नळकांडे वापरतात; त्यात जो नग अख्खा मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचा नाही. आमच्या कपाटात कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची डबी होती, ती जवळजवळ त्याच मापाची. बहुतेक सारा खोका त्या डबीतून आतबाहेर झाला. म्हणजे रांगत्या पोरांना हा कोपरा बंद.

एवढे झाल्यावर मी सावंतवाडी गाठली. चितारआळीत लाकडी फळे, भोवरे, पाळणे, भातुकली यांच्या रंगीत ओळी पाहत हिंडलो आणि एका कारागिराला विचारले, साधे ठोकळे करून द्याल का? तो हसला. साधा ठोकळाच अवघड, म्हणाला. आंब्याला रंग देऊन उणेपण झाकता येते, चौकोनाला कोन चुकवता येत नाही. पन्नास ठोकळ्यांचे त्याने बाराशे रुपये सांगितले.

गंमत अशी की बिलुंडच्या त्या सुताराच्या घराण्यानेही १९६० पर्यंत लाकूड सोडले नव्हते. त्या वर्षी लाकडी खेळण्यांच्या वखारीला आग लागली आणि त्यांनी लाकडाचे काम कायमचे बंद केले. आमच्या सावंतवाडीने ते अजून धरून ठेवले आहे. लाकडी ठोकळा दुसऱ्याला धरत नाही, तोल सांभाळावा लागतो. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा मुलांसाठी त्याने जे साहित्य केले, त्यातला एक संच म्हणजे आठ लहान घनांनी बनलेला एक मोठा घन, बस्स, एवढेच. अमेरिकेतला थोर वास्तुकार फ्रँक लॉइड राइट याला लहानपणी आईने असले ठोकळे आणून दिले होते, आणि म्हातारपणीही तो त्यांच्याविषयी लिहीत असे. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा माँटेसरीचे महागडे साहित्य खेड्याला परवडणार नाही हे ओळखून शंख, बिया, खडे असे गावातलेच साहित्य वापरले. अरविंद गुप्तांनी तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांवर काम भागवले. हे सगळे माहीत असताना बावीसशे रुपयांचे प्लॅस्टिक कशाला, असे माझ्या मनात पक्के होत चालले होते. शिरोड्याच्या पोराला वेळागरची वाळू आहे, मे महिन्यात काजूच्या बिया आहेत, फुटकी कौले आहेत, करवंट्या आहेत. आम्ही काय विटांनी खेळलो होतो?

मधल्या दिवसांत खोका वाचनालयात उघडा ठेवला होता. पहिल्या दिवशी बंदुका झाल्या, दुसऱ्या दिवशीही बंदुकाच. चाकांवरून मारामारी झाली. तिसऱ्या दिवशी एका मुलीने पातळ फळ्या जमिनीवर मांडून, मध्ये बांध घालून मिठागर केले. पाणी आत घ्यायचे तोंडसुद्धा बरोबर ठेवले. एक पोरगा तीन तास कोणाशी न बोलता नुसते रंग वेगळे करत बसला. मग मुलांनी घर बांधायला घेतले आणि ते पुन्हा पुन्हा उभे फाटू लागले. त्यांनी विटेवर वीट सरळ चढवली होती. पडवीत विडी ओढत बसलेला आमचा गवंडी उठून आला. "चिऱ्यार चिरो सरळ ठेवलो तर भित फाटतली," तो म्हणाला आणि उकिडवा बसून त्याने एक थर अर्ध्या विटेने सरकवून दाखवला. सांध्यावर सांधा येता कामा नये, हे चिऱ्याच्या भिंतीचे पहिले शास्त्र. विडी विझली तरी गवंडी उठला नाही. वाळूत हे शिकवता आले नसते, हे मला मान्य करावे लागले.

त्या संध्याकाळी सचिवबाई हिशेब विचारायला आल्या. मी माझे ढीग, माझे आकडे, माझी डबी सारे दाखवले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "गुरुजी, तुमच्या त्या पेटयेत काय होता, ता आमी कदी बघूकच नाय."

ती माझी विद्यार्थिनी, हे सांगायचे राहिलेच. १९८७ मध्ये सरकारची खडू-फळा मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांनी आमच्या दोनशिक्षकी शाळेतही एक पत्र्याची पेटी आली. ठोकळे, चित्रकोडी, नकाशे, विज्ञानाचे साहित्य. मी यादीप्रमाणे मोजून घेतले, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद केली आणि कुलूप लावले. नग हरवला तर पगारातून वसुली, असे साहेबांनी बजावले होते. वर्षातून एकदा तपासणीला पेटी उघडे, मोजदाद होई, पुन्हा बंद. मुले खिडकीतून बघत. एकदा चौथीतल्या एका मुलीने विचारले होते, गुरुजी, एकच ठोकळा हातात घेऊ? मी काय उत्तर दिले असेल ते सांगायला नको. बदली झाली तेव्हा मी पेटीचा ताबा दिला, आणि एकही ठोकळा कमी नाही याचा मला केवढा अभिमान वाटला होता! विचारणारी ती हीच मुलगी होती का, हे मला आठवत नाही. तिला विचारण्याचे धाडस झाले नाही.

चौथी बैठक झाली. मी सांगितले की खोका घ्यावा, पण बावीसशेला नाही. फुटके-बिनकामाचे ११२ नग नि एका कामाचे बरेचसे वजा करून सतराशे सांगावे. म्हापशाचा गृहस्थ अठराशेवर आला. उरलेले बाराशे सावंतवाडीच्या ठोकळ्यांना द्यावेत, कारण न धरणारा ठोकळाही मुलांना हवा. पावसाळ्यात त्याला बुरशी येऊ नये म्हणून चुलीजवळच्या फळीवर ठेवण्याची जबाबदारी माझी. पोस्टवाले स्नेही नाराज होते. पैसे संपले, पुस्तकांना एक पै उरली नाही. मग माझ्या कपाटातली तीस पुस्तके मी आणून ठेवली. त्यांनी त्यांची बारा आणली, कुरकुरत.

खजिनदाराने रजिस्टर उघडले आणि नग किती लिहू, म्हणून विचारले. आकडा माझ्या तोंडपाठ होता. मी म्हटले, "लिहा, एक खोका."

परवा आमच्या विहिरीच्या पाटात एक लाल आठगुंडी वीट सापडली. धुऊन खिशात टाकली आणि वाचनालयात जाऊन खोक्यात सोडली. तिथे मिठागरवाल्या मुलीने मला थांबवले. चौदा चाकांना आस फक्त आठच आहेत, उरलेल्या सहांना कुठून आणायचे, असे ती विचारत होती. बांबूच्या कामट्या तासून बघू, म्हटले.