थेंबांनी मोजायची तेले

संत्र्याची साल बोटांनी दुमडली की तिच्यातून बारीक तुषार उडतात आणि हाताला बराच वेळ वास राहतो. हे तुषार पाण्याचे नसतात. सालीतल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठलेले ते तेल असते. मेणबत्तीच्या ज्योतीजवळ साल पिळली तर ते तडतडून क्षणभर पेटतेही. चुरगळलेल्या गवती चहाच्या पातीचा, चोळलेल्या तुळशीच्या पानाचा आणि दाताखाली आलेल्या लवंगेचा वास अशाच तेलांचा. बाजारात ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणून छोट्या गडद बाटल्यांतून विकली जातात ती हीच तेले. शास्त्रीय मराठीत त्यांना बाष्पनशील तेले म्हणतात.

शेंगदाण्याच्या किंवा खोबऱ्याच्या तेलाशी त्यांचे नाते जवळपास नावापुरतेच आहे. खाद्यतेल म्हणजे स्निग्ध पदार्थ. बाष्पनशील तेल म्हणजे लहान, हलक्या आणि चटकन उडून जाणाऱ्या रसायनांचे मिश्रण. एका मिश्रणात अशी पन्नास-शंभर रसायनेही असू शकतात, पण गुण ठरतो तो एकदोन मुख्य घटकांवरून. निलगिरीत सिनिओल, लवंगेत युजेनॉल, गवती चहात सिट्राल, पुदिन्यात मेन्थॉल. पांढऱ्या कागदावर खोबरेल तेलाचा आणि निलगिरी तेलाचा एकेक थेंब शेजारी शेजारी टाकून दुसऱ्या दिवशी पाहावे. खोबरेलाचा डाग जागच्या जागी असतो, निलगिरीचा उडून गेलेला असतो. वाळा, चंदन यांसारखी जड तेले थोडी खूण मागे ठेवतात, त्यामुळे शुद्धतेची ही पक्की परीक्षा नव्हे. खाद्यतेलाची भेसळ मात्र तिने उघडी पडते.

वनस्पती ही रसायने माणसाच्या आनंदासाठी तयार करत नाही. कीड, बुरशी आणि चरणारी जनावरे यांना दूर ठेवणे, परागीभवनासाठी कीटकांना बोलावणे, अशी कामे त्यांच्याकडे असतात. जी रसायने किड्याला मारू शकतात ती माणसाच्या कातडीला आणि पोटाला निरुपद्रवीच असतील, असे मानायला आधार नाही. ‘नैसर्गिक म्हणजे सौम्य’ ही जाहिरातीतली समजूत इथे सर्वांत जास्त फसवते.

तेल काढण्याची मुख्य रीत म्हणजे वाफेवरचे ऊर्ध्वपातन. पाने किंवा फुले यांच्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल उडते, थंड केल्यावर दोन्ही द्रवरूप होतात आणि तेल बहुधा पाण्यावर तरंगू लागते. खाली उरलेले सुगंधी पाणीही वाया जात नाही. गुलाबपाणी याच जातीचे. कनौजमध्ये तांब्याचा देग, बांबूची नळी आणि पाण्यात बुडवलेला भपका अशी जुनी मांडणी आजही चालते. तिथे फुलांचा वास थेट चंदनाच्या तेलात उतरवला की अत्तर तयार होते. संत्री-लिंबाच्या सालीला मात्र वाफ लागत नाही, ती दाबूनच तेल निघते.

महाराष्ट्राचा या धंद्याशी जुना संबंध आहे, तो रोशा गवतामुळे. खानदेश, मेळघाट आणि पलीकडचा निमाड या भागांतल्या डोंगरउतारांवर हे गवत आपोआप उगवते. ते फुलावर आले की कापायचे, ओढ्याकाठी मांडलेल्या भट्टीत पाण्यासह उकळायचे आणि वाफ वाहत्या गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची, असा हा जंगलातला उद्योग होता. ओढ्याची जागा निवडण्याचे कारण सरळ होते. वाफ थंड करायला लागणारे पाणी तिथे फुकट मिळे. या तेलात जिरेनिऑलचे प्रमाण मोठे असते आणि त्याचा वास गुलाबाच्या जवळ जातो. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून ते तुर्कस्तानकडे जाई आणि तिकडे महागड्या गुलाबतेलात बेमालूम मिसळले जाई. म्हणजे युरोपातल्या कित्येक श्रीमंतांच्या रुमालावरचा ‘गुलाब’ अंशतः खानदेशातल्या गवताचा होता. आज हे तेल पामरोझा या नावाने साबण आणि अत्तरांत जाते. गावाकडे सांधेदुखीवर चोळायलाही ते वापरतात.

भेसळीचा मोह कशामुळे होतो, ते तेलाच्या उताऱ्यावरून कळते. एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन ते चार टन पाकळ्या लागतात. उलट लवंगेच्या कळ्यांत वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास तेल असते. भाव त्याप्रमाणेच असणार. ज्या दुकानात गुलाब, चंदन आणि निलगिरी एकाच किमतीला मिळतात, तिथल्या गुलाबाच्या बाटलीत गुलाब नाही असे खुशाल समजावे. बाटलीवर ‘फ्रेग्रन्स ऑइल’ लिहिलेले असेल तर तो बहुधा कृत्रिम सुगंध असतो. खोलीत वास दरवळवायला तो चालेल, पण ते वनस्पतीचे तेल नव्हे. चांगल्या बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तेल कोणत्या भागाचे आहे ते आणि तारीख लिहिलेली असते. ‘थेराप्युटिक ग्रेड’ हा शिक्का मात्र कोणत्याही सरकारी मानकाचा नाही. विक्रेत्यांनी तो स्वतःच स्वतःला दिलेला आहे.

भारतात यातली बरीच तेले निघतात. जपानी पुदिन्याचे सर्वाधिक तेल उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या आसपास तयार होते आणि या तेलाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. लखनौची ‘सीमॅप’ ही संस्था अशा पिकांच्या जाती विकसित करते. जम्मूतल्या भदरवाहमध्ये अलीकडे लॅव्हेंडरची शेती रुजली आहे. घरगुती औषधांतही या तेलांचे अंश पूर्वीपासून आहेत. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तिन्ही घन पदार्थ समप्रमाणात एका बाटलीत घालून ठेवले की उष्णता न देताही वितळून पाण्यासारखे पातळ होतात. अमृतधारा म्हणतात ती हीच. त्यातले ओव्याचे फूल म्हणजे ओव्याच्या तेलातला थायमॉल आणि पुदिन्याचे फूल म्हणजे मेन्थॉलचे स्फटिक.

नवशिक्याने वापराची सुरुवात वासापासून करावी. रुमालावर किंवा कापसाच्या बोळ्यावर एक थेंब पुरतो. डिफ्यूजर (वास दरवळवणारे यंत्र) असेल तर १०० मिली पाण्यात तीन-चार थेंब टाकून अर्धा तास चालवावा आणि खिडकी उघडी ठेवावी. दिवसभर बंद खोलीत तो चालू ठेवल्याने फायदा वाढत नाही, डोकेदुखी तेवढी होते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर आधी त्याचा विचार करावा. मांजर असेल तर तिचाही, कारण मांजराच्या यकृताला यातली काही रसायने पचवता येत नाहीत. टी ट्री या झाडाचे तेल तर तिला विषारीच.

त्वचेवर तेल नुसते कधीही लावू नये. ते खोबरेल, तीळ किंवा बदाम तेलात मिसळावे लागते. मोठ्या माणसाच्या अंगाला चोळायच्या तेलासाठी १ ते २ टक्के हे नेहमीचे प्रमाण आहे. एक मिलीत सुमारे २० थेंब धरले तर ३० मिली खोबरेलात ६ थेंब म्हणजे १ टक्का आणि १२ थेंब म्हणजे २ टक्के. चेहऱ्यासाठी १ टक्क्याच्या वर जाऊ नये. हे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी आणि लाली किंवा खाज आली नाही तरच पुढे जावे. आंघोळीच्या बादलीत थेट थेंब टाकण्याची सूचना पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ती चुकीची आहे, कारण तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते आणि अंगाला नुसतेच लागते. तेलाने आग झाली तर आधी खाद्यतेलाने पुसून मग साबणाने धुवावे. डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टरांकडे जावे.

दाबून काढलेले लिंबाचे किंवा बर्गमॉटचे तेल लावून उन्हात गेले तर वेगळाच त्रास होतो. त्यातल्या फ्युरोकुमारिन या घटकांमुळे त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

पोटात घेण्याचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. निलगिरीचे काही मिली तेल गिळल्याने लहान मुलांना झटके आल्याची, बेशुद्धी आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. कापराचेही तसेच. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तर निलगिरी-कापूर असलेले बाम आणि तेले हुंगल्याने किंवा चोळल्याने मोठ्या माणसांनाही फिट आल्याचे नोंदवले आहे. तेव्हा ज्याला फिट येतात त्याने ही दोन तेले टाळलेली बरी. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेन्थॉल किंवा कापूर नेऊ नये, त्याने श्वास अडखळू शकतो. सर्दीत वाफ घेताना मोठ्यांनी एखादाच थेंब टाकून डोळे मिटून घ्यावेत. मुलांना उकळत्या पातेल्याशी बसवूच नये, भाजण्याचा धोका तेलाहून मोठा आहे. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये. मुलाने तेल गिळलेच तर उलटी करवू नये, ते फुप्फुसात उतरण्याची भीती असते. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

मग गुण कितपत येतो? ‘अरोमाथेरपी’ हे नाव रुळवले ते रने-मोरिस गातफॉसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. त्याचे त्या नावाचे पुस्तक १९३७ साली निघाले. तेव्हापासून दावे वाढत गेले, पुरावा मात्र मोजक्याच बाबतींत जमला. पोटात न विरघळता आतड्यात उघडणाऱ्या पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल आतड्याच्या पेटक्यांवर डॉक्टर देतात. ५ टक्के टी ट्री तेलाचा मुरुमांवर माफक उपयोग दिसला आहे. लवंगेतले युजेनॉल दंतवैद्य झिंक ऑक्साइडबरोबर दातात भरतात. घरी मात्र दुखऱ्या दातावर लवंगतेलाचा बोळा फार वेळ धरला तर हिरडी पोळते. सिट्रोनेला तेल डासांना दूर ठेवते, पण थोडाच वेळ. लॅव्हेंडरच्या वासाने मन निवांत होते, असे अनेकांना वाटते आणि त्याला थोडा आधारही आहे. मधुमेह, कर्करोग, थायरॉइड बरे करणारी बाटली कोणी पुढे केली तर ती तशीच परत द्यावी.

उघडलेल्या बाटलीत हवा शिरते आणि तेल जुने होते. संत्री-लिंबाची आणि टी ट्रीची तेले लवकर बिघडतात व बिघडल्यावर त्यांची अॅलर्जी होण्याची शक्यता वाढते. चंदन आणि वाळा मात्र वर्षानुवर्षे टिकतात. बाटली काचेची, गडद रंगाची आणि घट्ट झाकणाची असावी. ती गारव्याला, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेवावी. १० मिलीच्या बाटलीत सुमारे २०० थेंब असतात आणि सुरुवातीला निलगिरी, गवती चहा व लॅव्हेंडर या तीन बाटल्या एका घराला कित्येक महिने पुरतात. सवलतीत मिळणारा बारा बाटल्यांचा संच घेऊ नये, त्यातल्या नऊ वापरून संपण्याआधीच जुन्या होतात.