इंजिन हवा खाते तेव्हा!

माणसाने सकाळ-संध्याकाळ मोकळी हवा खावी, असे डॉक्टर सांगतात. मोटारीच्या इंजिनाला मात्र मोजून दिलेल्या हवेपेक्षा घोटभरही जास्त हवा मानवत नाही. एखाद्या फटीतून त्याने ती चोरून घेतली, की ते धापा टाकू लागते, चौकात गाडी थांबवली की मान टाकते, आणि मालकाच्या खिशाला गळती लागते. हे दुखणे कोणत्याही पेट्रोलच्या गाडीला जडू शकते. पण जिचे मूळ इंजिन उतरवून दुसऱ्या गाडीचे बसवले आहे, तिला ते अधिक लवकर गाठते. या दुखण्याचे मूळ शोधण्याची रीत सोपी आहे, स्वस्त आहे. आणि ब्रेकचा प्रश्न तिच्याशी निगडित असल्यामुळे ती प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावी अशी आहे.

दुसऱ्याच्या घरात नांदणारे इंजिन

बारामतीहून इंदापूरला निघाले, की भवानीनगर, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे लागतात. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये साखर कारखाने. येथे जीपगाडी ही चैनीची वस्तू नव्हे. ती शेतावर जाते, बाजाराला जाते, अडल्या वेळी दवाखान्यातही नेते. अशा गाडीचा सांगाडा शाबूत असतो आणि इंजिन थकलेले असते. मग मालक दुसऱ्या गाडीचे चांगले इंजिन पाहतो आणि मिस्त्री ते बसवून देतो.

यात काही अजब आहे असे मात्र नाही. याच इंदापूर तालुक्यात, कळंब गावाजवळच्या माळावर, वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला आणि त्यातून वालचंदनगर वसले. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी काढली. ते १९५३ साली निवर्तले. पुढे १९८५ च्या सुमारास या कंपनीने ‘११८ एन. ई.’ नावाची मोटार बाजारात आणली. तिचा साचा इटलीच्या फियाट १२४ चा आणि इंजिन जपानच्या निस्सानचे, ११७१ सी. सी. चे! म्हणजे सासर एकीकडचे आणि माहेर दुसरीकडचे.

फरक इतकाच, की कारखान्यात असा विवाह लागतो तेव्हा प्रत्येक नळीचा, प्रत्येक जोडाचा आराखडा तयार होतो. गॅरेजमध्ये मात्र हाताला येईल तो पाइप आणि डब्यात सापडेल ती क्लिप यांवर भागवले जाते. इंजिन उत्तम, गाडीही उत्तम. पण सोयरीक जुळते ती सांध्यांवर, आणि दोष शोधायचा तोही तेथेच.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. बारामतीला त्यासाठी परिवहन खात्याचे कार्यालय आहे, एम. एच. ४२ या पाटीच्या गाड्या तेथल्याच. नव्या इंजिनाचा क्रमांक कागदोपत्री चढला नाही, तर विम्याच्या वेळी पंचाईत होते.

पोकळीचे बळ

आता ही चोरटी हवा शिरते कशी, ते पाहू. पिस्टन खाली सरकला की सिलिंडरमध्ये पोकळी निर्माण होते आणि हवा आत धाव घेते. पण वाटेत कार्ब्युरेटरची झडप असते. गाडी उभी असताना ही झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन तर ओढतच असतो! त्यामुळे झडपेच्या पलीकडे, मॅनिफोल्डच्या नळीत, हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा खूपच कमी होतो. यालाच मिस्त्री ‘व्हॅक्यूम’ म्हणतात.

१६४३ साली इटलीच्या टोरिचेलीने दाखवून दिले, की बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे ७६० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३० इंच उंचीचा पारा तोलून धरतो. मॅनिफोल्डमधली पोकळीही पाऱ्याच्या इंचांतच मोजतात. निरोगी इंजिन संथ चालत असता समुद्रसपाटीला मापकाचा काटा १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. मात्र दर हजार फूट चढाला तो सुमारे इंचभर उतरतो. बारामती समुद्रसपाटीपासून साधारण १७५० फूट उंच आहे. तेव्हा मुंबईत १८ दाखवणारे इंजिन येथे १६ च्या किंचित वर दाखवील, आणि तरीही ते ठणठणीतच असेल.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने त्याच्या १४.७ पट हवा लागते. कार्ब्युरेटर या हिशेबाने पेट्रोल सोडतो. मॅनिफोल्डला कोठे चीर असली, तर हिशेबाबाहेरची हवा आत येते आणि मिश्रण पातळ होते. इंजिन थरथरते, मध्येच एखादा ठोका चुकवते, बंद पडते. पण रेस वाढवली, की तेच इंजिन सुरळीत चालू लागते. कारण मोठ्या झडपेतून येणाऱ्या हवेच्या लोंढ्यापुढे त्या चिरेतली हवा नगण्य ठरते. उभी असता रडणारी आणि पळताना हसणारी गाडी, ही या रोगाची पहिली खूण.

मिस्त्रीची तपासणी

“मिस्त्री, गाडी थांबली का बंदच पडतीय बघा.”

“दादा, हवा घेतंय कुठनं तरी. इंजिन खोलायची घाई करू नका.”

असा मिस्त्री भेटला तर त्याला दुवा द्यावा. कारण याच लक्षणांवर कार्ब्युरेटर बदलणारे, वाल्व्ह घासणारे आणि शेवटी इंजिन खोलणारेही असतात; आणि दोष निघतो बोटभर रबरी नळीत!

जाणता मिस्त्री आधी कान लावतो. लांब रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे जोडांवरून फिरवले, की ‘सूं’ असा बारीक आवाज कोठून येतो ते कळते. मग तो मापक जोडतो. काटा नेहमीपेक्षा खाली पण स्थिर असला, तर हवेची गळती किंवा मागे पडलेली ठिणगीची वेळ, या दोन गोष्टी तपासायच्या. काटा ठोक्यागणिक झटके देत असला, तर मात्र वाल्व्हवर संशय घ्यायचा.

पुढे एकेक नळी चिमटीत दाबायची. ब्रेकच्या बूस्टरची नळी दाबताच इंजिन सुधारले, तर चोर त्या वाटेवर आहे. मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी साबणाचे पाणी थेंब-थेंब सोडायचे. पाणी आत ओढले गेले आणि आवाज क्षणभर बदलला, की जागा सापडली. काही जण पाण्याऐवजी पेट्रोल शिंपडतात, किंवा उदबत्तीचा धूर कोठे ओढला जातो ते पाहतात. हे दोन्ही प्रकार घातक होत. तापलेली सायलेन्सरची नळी शेजारीच असते, आणि आग लागायला एक ठिणगी पुरते. आजकाल मोठ्या गॅरेजमध्ये इंजिन बंद ठेवून नळीत धूर सोडणारे यंत्र असते; तो धूर जेथून बाहेर येईल, तेथे चीर.

बदललेल्या इंजिनात पाहण्याच्या जागा ठरलेल्या असतात. जुन्या गाडीत लागत असलेली पण आता वापरात नसलेली तोंडे, ज्यांना नुसते रबरी टोपण घातलेले असते. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यात घातलेली घरगुती पट्टी, जी जरा वाकडी झालेली असते. आणि मापाने सैल नळी. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे तोकडी नळी. गाडी उभी असता ती घट्ट वाटते. पण गिअर टाकून क्लच सोडला, की इंजिन आपल्या रबरी बैठकीवर किंचित कलते, नळी ताणली जाते आणि तोंड उघडते. गॅरेजमध्ये शहाण्यासारखी वागणारी गाडी रस्त्यावर गेल्यावरच खोड्या काढते, ती यामुळे. म्हणून इंजिन बंद करून प्रत्येक नळी हाताने हलवून पाहावी. तिला चार बोटे तरी ढील हवी.

पेट्रोल संगणकाने सोडणाऱ्या नव्या इंजिनांत लक्षणे थोडी निराळी असतात. काही इंजिनांत दाब मोजणारे यंत्र फसते आणि जादा पेट्रोल सोडते. मग गाडी बंद पडण्याऐवजी उगाच जोरात चालत राहते. शोधण्याची रीत मात्र तीच.

प्रश्न ब्रेकचा आहे

एवढी उठाठेव केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी नाही. पायाच्या ब्रेकला मदत करणारा बूस्टर याच पोकळीवर चालतो. त्यातला पडदा वीस सेंटिमीटर व्यासाचा धरला आणि आत बाहेरच्या निम्माच दाब असला, तर हवा त्याला सुमारे दीडशे किलोच्या जोराने ढकलते. नळी निसटली की ही मदत जाते आणि पायाखालचा ब्रेक दगडासारखा होतो. आषाढात याच रस्त्याने तुकोबांची पालखी इंदापूरकडे जाते, दिंड्यांच्या मागेपुढे गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात. तेथे इंजिन बंद पडणे आणि ब्रेक जड होणे एकाच वेळी घडले तर काय अनर्थ होईल, हे सांगायला नको.

पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवणाऱ्यांनी तर विशेष जपावे. साध्या डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडप नसते, म्हणून ही पोकळीही नसते. तेथे बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीशी बसवलेला असतो. तो विसरला, तर गाडी धावेल छान, पण थांबणार नाही वेळेवर.

भाऊबीजेला सहकुटुंब निघण्यापूर्वी दोन मिनिटांची एक परीक्षा कोणालाही घेता येईल. चाकांखाली दगड लावावेत, गिअर न्यूट्रलला असावा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, मग पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली किंचित खचले, तर बूस्टरला पोकळी मिळते आहे. ते तसूभरही हलले नाही, तर फराळाचे डबे गाडीत भरण्याआधी मिस्त्रीला हाक मारावी!