जर्मनीतले खोलीभाडे : थंड की गरम?

नाशिकला कॉलेज रोडला खोली बघताना आपण आधी विचारतो, लाईटबिल वेगळं का? जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांनीही हेच विचारायचं.

तिथे भाड्याचे दोन आकडे असतात. 'काल्टमीटे' म्हणजे थंड भाडे, नुसत्या जागेचे. 'वार्ममीटे' म्हणजे गरम भाडे. त्यात खोली उबदार ठेवण्याचा खर्च, पाणी, कचरा धरलेला असतो. वीज, इंटरनेट बरेचदा वेगळेच. म्हणून तुलना गरम भाड्याची करावी.

डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त 3 महिन्यांचे थंड भाडे, तेही 3 हप्त्यांत देता येते. 'श्टुडिरेंडनवेर्क' या विद्यार्थी-सेवा संस्थेची वसतिगृहे सहसा स्वस्त, पण प्रतीक्षायादी मोठी. अर्ज लवकर करावा.

आणि तिथल्या कुणा ओळखीच्याने खोली बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका.