डुरकण्याचे दिवस

पहाटे ६:१५. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाचा साउथलंड प्रांत. एप्रिल, म्हणजे इथला शरद. हरणांच्या फार्मवरचा गडी दार उघडून आधी कान देतो. रात्रीतून दक्षिणेचा बोचरा वारा सुटलाय आणि लाल हरणांचा नर सारखा डुरकतोय. गेले चार दिवस ऊन होतं, तेव्हा हाच दुपारभर चिखलात लोळत होता.

७:३०. क्वाड बाईकवरून कुंपणाची फेरी. जाळी दोन मीटर उंच. एका ठिकाणी तार सैल पडलीय, ती ताणायला अर्धा तास जातो. आत पायी जायचं नाही. शिंगं आधीच करवतीने कापलीत, तरी माजावरचा नर माणसाला जुमानत नाही. चाऱ्याकडे तो बघतही नाही. हंगाम संपेपर्यंत वजनाचा पाचवा हिस्सा सहज उतरतो.

१०:००. मुरघासाचे गठ्ठे. चाकूने प्लास्टिक फाडलं की आंबूस वास येतो. आतली जाळी तो बोटांनी सोडवून काढतो, तुकडा न तुकडा खिशात. हरणाच्या पोटात गेली तर घात. मला वाटतं, हंगामाचं खरं काम हेच, माद्यांना चारणं. दिवस लहान झाले की माज येतो, तो महिना सूर्य ठरवतो. पण उन्हाळ्यात गवत करपलं आणि मादी हाडकली, तर ती उशिरा माजावर येते, किंवा येतच नाही. आभाळाचा हिशेब असा गवतातून मादीच्या अंगावर उतरतो.

दुपारी १:३०. पलीकडच्या कुरणात पाडसं. मार्चमध्येच आयांपासून तोडली, म्हणजे आया अंग धरतील. पाण्याची टाकी घासायची, खाद्य टाकायचं.

४:३०. वहीत नोंद. ५ एप्रिलला मादी गाभण राहिली तर २३३ दिवसांनी, २४ नोव्हेंबरला विणार. माज हुकला तर पुढचा १८ दिवसांनी. तेवढं पाडस उशिरा, तेवढं हिवाळ्यात हलकं, आणि विक्री वजनावर.

५:३०. सुट्टी. १ एप्रिल २०२५ ला इथली किमान मजुरी तासाला २३.५० डॉलर झाली होती. कुंपणापाशी थांबून तो उद्याचं ठरवतो: वारा असाच राहिला तर माद्या झाडांच्या आडोशाच्या कुरणात न्यायच्या. महिनाअखेर हा नर काढून दुसरा सोडायचा, राहिलेल्या माद्यांसाठी.