पक्षी, दूरभिंग आणि अंतर

भिलाईच्या उत्तरेस विसेक किलोमीटरांवर, दुर्ग जिल्ह्यात, अहिवारा हे लहानसे शहर आहे. त्याच्या शेजारीच नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी पसरलेल्या आहेत. फेब्रुवारी १९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. खनिजातील अशुद्ध द्रव्ये वितळवून वेगळी करण्यासाठी अशा भट्टीला चुनखडी लागते, आणि ती नंदिनीहून येऊ लागली. जेथला दगड संपला तेथे उभ्या कडांचे खड्डे मागे राहिले. त्यांत पावसाचे व झऱ्यांचे पाणी साठले, काठांवर गवत व बाभळी उगवल्या, आणि कोणी न बोलावता पक्षी आले. २०२१-२२ च्या सुमारास खाणीच्या जुन्या जमिनीवर वनलागवडही हाती घेण्यात आली.

हा सारा मुलूख भातशेतीचा आणि तळ्यांचा. अहिवाऱ्याच्या पलीकडील धमधा गावात पूर्वी ‘छै आगर छै कोरी’ तळी होती असे लोक सांगतात. कोरी म्हणजे वीस. म्हणजे एकशे सव्वीस तळी झाली. (मराठीत जुन्या बाजारात ‘कोडी’ हा शब्द याच अर्थाने चालत असे.) आणखी उत्तरेस बेमेतरा जिल्ह्यात गिधवा व परसदा या गावांची तळी आहेत. हिवाळ्यात तेथे येणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांसाठी २०२१ च्या जानेवारीअखेरीस छत्तीसगडमधील पहिला पक्षी महोत्सव भरविण्यात आला. तेव्हापासून या भागात तिपाई खांद्यावर घेऊन हिंडणारी माणसे अधिक दिसू लागली आहेत. त्यांच्या हातातील लांब नळीसारखे भिंग पाहून गावकऱ्यांना प्रथम बंदुकीची आठवण होते, आणि पक्ष्यांनाही होत असल्यास नवल नाही.

हे भिंग नेमके काय करते, आणि काय करू शकत नाही, हे समजून घेतल्यावाचून रानपक्ष्यांचे छायाचित्रण समजत नाही.

खाणीच्या तळ्याकाठी बाभळीच्या फांदीवर छोटा खंड्या बसला आहे अशी कल्पना करावी. त्याची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर. छायाचित्रकार त्याच्यापासून ३० मीटरांवर आहे. नेहमीच्या ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने त्याची जी प्रतिमा पडेल ती पाव मिलिमीटरपेक्षा फार मोठी असणार नाही. ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत तो एक निळसर ठिपका होय. ५०० मिलिमीटरचे भिंग लावले की तीच प्रतिमा दसपट, म्हणजे जवळजवळ तीन मिलिमीटर होते. आता तो पक्षी आहे हे कळते. पण डोळ्यातील चमक आणि पिसांची घडी दिसण्यास तेवढे पुरेसे नाही. त्यासाठी प्रतिमा नऊ-दहा मिलिमीटरांची हवी, आणि त्या भिंगाने ती मिळवावयाची तर अंतर १० मीटरांवर आणावे लागते. भिंग कितीही मोठे असले तरी उरलेले काम पायांना, किंवा अधिक खरे सांगावयाचे तर धीराला, करावे लागते.

साध्या भिंगाची नळी नाभीय अंतराइतकी लांब असावी लागते. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये डॉलमायर आणि जर्मनीत मिटे व श्टाइनहाइल यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, पुढे बहिर्वक्र व मागे अंतर्वक्र भिंगसमूह बसवून ही लांबी कमी करण्याची युक्ती काढली. ‘टेलिफोटो’ हे नाव खरे म्हणजे याच रचनेचे आहे. लांबी घटली, तरी रुंदी घटविण्याचा मार्ग मात्र नाही. ६०० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र चौथ्या अंशाचे हवे असेल तर त्याच्या पुढील काचेचा व्यास १५० मिलिमीटर, म्हणजे जेवणाच्या लहान ताटलीएवढा होणारच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशा भिंगाचे वजन सहा किलोग्रॅम भरत असे. पुढे फ्लोराइटचे स्फटिक, हलक्या काचा आणि नव्या रचना यांमुळे ते निम्म्यावर आले. किंमत मात्र मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आली नाही. म्हणूनच अनेक जण लहान छिद्राचे, हलके झूम भिंग घेतात, आणि सकाळच्या चांगल्या उन्हात त्याचे काम मुळीच वाईट नसते.

भिंगाची दुसरी अडचण म्हणजे ते पक्ष्याप्रमाणेच हाताचा कंपही दसपट मोठा करते. म्हणून नाभीय अंतराच्या आकड्याइतका तरी सेकंदाचा भाग घ्यावा, ५०० मिलिमीटरला एक-पाचशेअंश, असा जुना नियम आहे. कंप सावरणारी यंत्रणा आज भिंगातच असते. पण ती छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, पक्ष्याचे पंख नव्हे. उडत्या पक्ष्यासाठी एक-दोनहजारअंश सेकंदही कधी अपुरा पडतो. तिपाई जड वाटत असेल तर कापडी पिशवीत धान्य भरून ती दगडावर किंवा गाडीच्या खिडकीवर ठेवावी. धानाच्या या मुलखात त्यासाठी फार शोधावे लागत नाही.

तिसरी गोष्ट खोलीची. ५०० मिलिमीटरचे भिंग, ५·६ चे छिद्र आणि १५ मीटरांचे अंतर असले तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ३० सेंटिमीटरांचा असतो. समोर तोंड करून उभ्या असलेल्या राखी बगळ्याची चोच आणि शेपूट दोन्ही त्यात मावत नाहीत. अशा वेळी नेम डोळ्यावर धरावा. डोळा स्पष्ट असला की पाहणारा शेपटीला क्षमा करतो.

पण अहिवाऱ्यासारख्या ठिकाणी खरा अडथळा यांपैकी कोणताही नाही. तो हवेचा आहे. खाणीचा तळ आणि कडा पांढरट दगडाच्या. सूर्य थोडा वर आला की दगड तापतो, त्याला लागलेली हवा तापून वर चढते, आणि थंड व उष्ण हवेच्या थरांतून येणारे किरण सतत वाकत राहतात. मृगजळ याच कारणाने दिसते. डोळ्याला जे केवळ किंचित थरथरणे वाटते ते दूरभिंगातून पाहताना पक्ष्याच्या कडा वितळल्यासारखे दिसते. नवशिका भिंगाला दोष देतो, ते दुरुस्तीला पाठवतो, आणि ते निर्दोष म्हणून परत येते. या दोषावर महागडी काच हा उपाय नव्हे. मध्ये असलेली हवा कमी करणे, किंवा ती तापण्यापूर्वी काम उरकणे, एवढेच माणसाच्या हातात आहे. सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास त्यासाठी सर्वोत्तम. दगडावरून पाहण्यापेक्षा पाण्यावरून पाहणे बहुधा बरे, कारण पाणी सावकाश तापते. हिवाळ्याच्या पहाटे मात्र उलट घडते: कोमट पाण्यावरच्या थंड हवेत धुके व थरथर दोन्ही उठतात, आणि थोडे थांबावे लागते.

त्याच पांढऱ्या दगडाचा एक लाभही आहे. उडणाऱ्या पक्ष्याचे पोट आणि पंखांची खालची बाजू एरवी काळोखी येते. येथे जमिनीवरून परतलेला प्रकाश ती उजळतो. प्रकाशमापक मात्र फसतो. एवढी पांढरी जमीन पाहून तो प्रकाश कमी करतो आणि पाणकावळा कोळशासारखा उमटतो. तेथे प्रकाश एखाद्या पायरीने वाढवावा. काळसर पाण्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्या बगळ्यासाठी याच्या अगदी उलट करावे, नाहीतर त्याची पिसे धुऊन निघाल्यासारखी होतात.

दूरभिंग सुलभ होण्यापूर्वी ही कामे कशी होत असत, हे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व नीट कळते. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९० च्या दशकात पक्ष्यांची घरटी छायाचित्रांत टिपली आणि पक्ष्यांना फसविण्यासाठी पोकळ बैल बनवून त्याच्या पोटात ते बसले. भारतात लोथर यांनी वर्षानुवर्षे लपणांत बसून जे काम केले ते १९४९ च्या त्यांच्या पुस्तकात आले. सिंगापूरचे चित्रपटव्यावसायिक लोक वान थो यांनी सलीम अलींच्या सहवासात भारतीय पक्ष्यांची छायाचित्रे घेतली; त्यांचे पुस्तक १९५७ चे. मद्रासचे एम. कृष्णन यांनी निरनिराळ्या यंत्रांचे भाग जुळवून स्वतःचा अवजड कॅमेरा बनविला आणि त्याला थट्टेने ‘सुपर-पाँडरोसा’ असे नाव दिले. यांपैकी बऱ्याच जणांचे काम घरट्यावर आधारलेले होते, आणि त्यास कारण होते. आखूड भिंगाला पक्षी जवळ हवा, आणि पक्षी एका ठराविक जागी पुन्हापुन्हा येणार याची खात्री फक्त घरट्यापाशीच असते. त्याची किंमत कधी माणसानेही मोजली. १९३७ साली एरिक हॉस्किंग यांचा एक डोळा घरट्याजवळच्या घुबडाने घेतला. पक्ष्यांनी किती वेळा मोजली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दूरभिंगाने हे बंधन तोडले. आज चांगल्या पक्षीचित्रासाठी घरट्यापाशी जाण्याची गरज राहिलेली नाही, आणि तरीही माणसे जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आहे तीत रानपक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणेही येते. फांद्या छाटून घरटे ‘मोकळे’ करणारा छायाचित्रकार स्वतःस शिकारी समजत नाही; कायदा मात्र तसे समजू शकतो.

या उपद्रवाचा अर्थ काय होतो हे टिटवीवरून दिसून येईल. उघड्या माळावर व खाणीच्या खडीवर राहणारा हा पक्षी घरटे असे काही बांधत नाही. उन्हाळ्यात, चार खडे इकडेतिकडे सारून, त्याच रंगाची अंडी तो जमिनीवर घालतो. अंड्यातील गर्भाला सुमारे ३७-३८ अंशांची ऊब लागते. छत्तीसगडच्या मैदानात मे महिन्यात सावलीतही पारा चाळिशीच्या वर असतो, आणि उन्हातील दगड त्याहून कितीतरी तापलेला. म्हणून टिटवी दुपारी अंडी उबवीत नाही, त्यांवर सावली धरते. मधूनमधून पाण्यावर जाऊन ती पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. अशा वेळी कोणी वीस पावलांवर भिंग रोवून बसले की ती ओरडत घिरट्या घालते, पाहणाऱ्याला ते दृश्य मोठे जिवंत वाटते, आणि तेवढ्या वेळात खाली अंडी शिजत असतात. तो निघून गेल्यावर टिटवी परत येते, बसते, आणि कधीकधी न फुटणारी अंडी पुष्कळ दिवस राखीत राहते.

प्रत्येक पक्ष्याला एक अंतर असते. त्याच्या आत आले की तो उडतो. हे अंतर जातीप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि त्या ठिकाणच्या अनुभवाप्रमाणे बदलते. शेतकऱ्याच्या नांगरामागून चालणारा गाय बगळा हातभर अंतरावर येतो. जेथे बंदुका वाजल्या आहेत तेथील बदके शंभर मीटरांवरूनही निघून जातात. उडण्याच्या आधी पक्षी सूचना देतो. चरणे थांबते, मान ताठ होते, अडयांचा थवा एका दिशेला तोंड करतो, हळदीकुंकू बदक पोहत पोहत पाण्याच्या मध्याकडे सरकते. या पहिल्या सूचनेलाच जो थांबतो त्याला बहुधा दुसरी संधी मिळते. तो जेथे थांबला तेथेच बसून राहिला तर अर्ध्या तासाने पक्षी आपणहून जवळ येतो. सरळ चाल करणाऱ्याला ते सुख लाभत नाही. तिरपे चालावे, वारंवार बसावे, एकसारखे टक लावून पाहू नये. वाहनांची वर्दळ असलेल्या रस्त्याकडेला गाडीतच बसून राहणे उत्तम. पक्षी गाडीला जेवढे भितात त्याहून तीतून उतरणाऱ्या माणसाला अधिक भितात. चालू खाणीत अर्थातच परवानगीवाचून जाता येत नाही. जुन्या खाणीच्या कडाही भुसभुशीत असतात आणि खालचे पाणी एकदम खोल असते. डोळा भिंगाला लावून मागे पाऊल टाकू नये.

त्या टिटवीचे छायाचित्र घेताच येणार नाही असे मात्र नाही. अंड्यांपासून दूर, ती जेथे पाण्यावर येते त्या काठापासून ६० मीटरांवर, तिच्या येण्यापूर्वी सावलीत बसावे. ६०० मिलिमीटरच्या भिंगाने तिची प्रतिमा सव्वातीन मिलिमीटरांची येईल. दुपारच्या हवेने कडा थोड्या थरथरतील. मासिकाच्या मुखपृष्ठाला ते चित्र चालणार नाही. पण त्यात पांढऱ्या दगडाचा सारा उतार येतो, हिरवट पाण्याची रेघ येते, आणि तिच्या मधोमध गुडघाभर पाण्यात बसून पोट भिजविणारा एक पक्षी दिसतो, जो मिनिटभराने उठून, पाणी निथळत, आल्या वाटेने अंड्यांकडे चालत जातो.