धरणाखालच्या शहरातून पायी बाहेर पडताना

बीडच्या दक्षिणेला पाली गावाजवळ बिंदुसरा प्रकल्पाचा तलाव आहे. त्याच्या सांडव्यावरून सुटलेले पाणी बीड शहराच्या मधून वाहत पुढे सिंदफणेला मिळते. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला आलेल्या महापुरात बीडमध्ये अनेकांचे प्राण गेले, संसार वाहून गेले.

अशा वेळी गाडीपेक्षा पाय भरवशाचे. पेठेच्या बोळात एक रिक्षा बंद पडली तरी मागची सगळी वाहने अडकतात. पायवाट मात्र आधी आखून ठेवावी लागते. नदीकडे पाठ करून चढाकडे निघायचे, हा पहिला नियम. काठाकाठाने खाली पळणारा पाण्याशी शर्यत लावतो, आणि ती सहसा हरतो. बिंदुसरेने शहराचे दोन भाग केले आहेत, त्यामुळे प्रत्येक वस्तीचा मार्ग आपल्याच काठावरच्या उंचवट्यावर संपला पाहिजे. वाटेत पूल लागत असेल तर तो मार्ग बाद. पूर्वेकडच्यांना खंडेश्वरीची टेकडी आहे.

धडधाकट माणूस तासाला ४ ते ५ किलोमीटर चालतो. कडेवर मूल किंवा सोबत म्हातारी आजी असली की हाच वेग निम्म्यावर येतो. हिशेब आजीच्या चालीने करावा. वाहते पाणी गुडघ्याला लागले तरी पाय ठरत नाहीत, शिवाय उघडे गटार दिसत नाही. पूर रात्रीही येतो आणि तेव्हा वीज गेलेली असते. म्हणून ठरवलेली वाट पावसाळ्याआधी एकदा अंधारात, घरातल्या सगळ्यांना घेऊन चालून पाहावी.