सेकंडहँड हायब्रिड? आधी बॅटरीचं वय विचारा!

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी सरकतेय आणि इंजिन चक्क बंद! हायब्रिडची ही ऐट कुणालाही भुलवेल. पण जुनी घेताय ना? मग ती ‘स्ट्राँग’ आहे की नुसती ‘माइल्ड’, हे आधी बघा. २०२२ मध्ये आलेली ग्रँड व्हिटारा एकाच नावाने दोन्ही प्रकारांत मिळते. माइल्डवाली नुसत्या मोटरवर चालत नाही. स्ट्राँगच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते. पण ती पहिल्या मालकाच्या खरेदीपासून मोजतात, तुमच्या नव्हे! सर्व्हिस रेकॉर्ड नसेल तर सरळ पुढची गाडी बघा.

आता हिशेब. महिन्याला हजार किलोमीटर, १५ ऐवजी २२ चं ॲव्हरेज धरलं, तर वाचतं साधारण २१ लिटर पेट्रोल. रोज सिग्नलला अडकणाऱ्यांना हे परवडतं. फक्त वीकेंडला एक्स्प्रेसवे गाठणाऱ्यांनी मात्र साधी पेट्रोल गाडीच बघावी.